मागच्या भिंतीचा लव्हाळा

१९३४ सालची गोष्ट. सक्करदऱ्याला आमच्या शेजारी रुख्मिणीकाकूचं दोन खोल्यांचं मातीचं घर होतं, अगदी नाल्याला लागून. दर श्रावणात काठ ढासळे आणि पाणी मागच्या भिंतीकडे सरके. दगडाचा बांध दोनदा वाहून गेला, तेव्हा काकूनं तलावाकडचा लव्हाळा गड्ड्यांसकट आणून काठभर लावला. भांड्यांचं पाणीही तिकडेच सोडलं. काठ हिरवागार झाला.

आणि इथंच माशी शिंकली. काकूचे सासरे बाबाराव जन्मभर शेतातला लव्हाळा उपटत आलेले. शेत पुतण्याकडे सोपवून ते शहरात आले, पण हाताची सवय कुठली सुटते!

"काहून लावून राहिली वं हे सत्यानाशी?"

"मामाजी, वावरात तो वैरी. इथं मातीले धरून ठेवते."

"मले शिकवू नको."

ती कामाला लागली की म्हातारा खुरपं घेऊन बसे. तो झोपला की ती उपटलेलं पुन्हा रोवी. आम्हाला गंमत वाटायची. मग काकूची लेक सुमती माहेरी बाळंत झाली आणि काकूला उसंत उरली नाही. तेवढ्यात बाबारावांनी बाळंतिणीच्या खोलीमागचा सगळा काठ साफ केला, वर आळीभर सांगत फिरले. मला त्यांचा भयंकर राग आला. आजही येतो.

पोळ्याच्या आदल्या दुपारी नाला फुगला. स्वयंपाकघरामागे लव्हाळ्याची पाती आडवी झाली, माती मात्र हलली नाही. खुरपलेल्या बाजूला ढेकळं धपाधप पाण्यात पडत होती. आत बाळ रडत होतं. बारशाआधी बाळंतिणीला देव्हाऱ्याच्या खोलीत नेत नसत, आणि देव्हारा स्वयंपाकघरातच. काकू सासऱ्यांकडे बघत राहिली.

भिंतीला तडा गेला तसे बाबाराव आत धावले आणि पणतवाला छातीशी धरलं. "सुमती, चाल चुलीपाशी. देवाचं मी पाहतो."

त्यांनी उंबरठा ओलांडला आणि मागे भिंत बसली.

पाणी ओसरल्यावर गाळ उपसताना बाबारावांच्या हाताला लव्हाळ्याचा एक गड्डा लागला. सवयीनं त्यांनी तो उपटला, फेकायला हात उचलला आणि तसाच खाली आणला. मग तिथंच बसून बोटांनी खड्डा केला.

"रुख्मिणी," ते म्हणाले, "बाकीचे मी कुठं फेकले, तुले आठवते का वं?"