घारींची जेवायची वेळ

जमिनीवर चालायला माझ्या मावसबहिणीइतकी नालायक बाई अख्ख्या विलेपार्ल्यात सापडायची नाही. ताई आभाळ बघत चालते, समोरच्या खांबावर आपटते आणि वर खांबालाच "सॉरी हां" म्हणते. माझ्या लग्नात सगळे आमच्यावर अक्षता टाकत होते, तेव्हा ही त्या अक्षता कुठे वाहतायत ते न्याहाळत होती. "वायव्येचा वारा आहे," एवढाच तिचा आशीर्वाद. तिचा धंदाच तसा. ड्रोनला बारीक दोरी बांधून ती एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरवर पोचवते. त्या दोरीमागून जाड दोर आणि दोरामागून विजेची तार ओढली जाते. पूर्वी त्यासाठी माणसं कमरेएवढ्या चिखलातून जायची. ताई टोपी घालून खुर्चीत बसते आणि ड्रोनला "चल सोन्या, नीट जा हं" म्हणते.

मी हे सगळं थट्टेवारी न्यायचो, ते गोराईच्या खाडीवर तिचं काम बघायला जाईपर्यंत. तिवरांच्या हिरव्या रानावरून ड्रोन दोरी घेऊन निघाला, बघता बघता ठिपक्याएवढा झाला, आणि खाडीच्या मध्यावर एक घार त्याच्यावर झेपावली. दोरी बांधलेल्या ड्रोनला गिरकी घेता येत नाही. "मॅडम, अर्धं झालंय, दामटा!" साइटवरचा इंजिनीयर ओरडला. ताईने बटण दाबून दोरीच सोडून दिली. मोकळा झालेला ड्रोन सरळ वर उसळला आणि घार त्याच्या खालून सणसणत निघून गेली. दोरी खाडीत.

"वाट लागली! अख्खी सकाळ फुकट!" इंजिनीयरने कपाळाला हात लावला.

"दोरी धुता येते हो," ताई म्हणाली. "घार पात्यात सापडली असती तर उरली नसती."

मग दुसरी दोरी बांधून तयार झाली तरी ही आपली चपला काढून बांधावर बसलेली, नजर वर. इंजिनीयर येरझारा घालून दमला. "आता कसली वाट बघताय?"

"घारींच्या जेवायच्या वेळेची."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मी ओळख नसल्यासारखा जरा बाजूला सरकलो. दुपार कलली, कोळ्यांच्या होड्या मासळी घेऊन धक्क्याला लागल्या, आणि काय सांगू, एकेक करून आभाळातल्या सगळ्या घारी तिकडे वळल्या. ताई उठली. रिकाम्या आभाळातून तो ठिपका दोरीचा धागा ओढत गेला, गेला, आणि पलीकडच्या टॉवरवरच्या माणसांनी दोरी धरल्याची आरोळी पाण्यावरून आमच्यापर्यंत आली. इंजिनीयर टाळ्या वाजवत होता. मी परत सरकून ताईच्या शेजारी उभा राहिलो.

परतताना फेरीबोटीत ताई हात पदराखाली लपवून बसली होती.

"घाबरले होते रे सकाळी," ती हळूच म्हणाली. "कुणाला सांगू नकोस. पण किती सुंदर झेपावली ना ती?"

मी तिचा हात हातात घेतला. चांगलाच गार पडला होता. धक्का येईपर्यंत मग आम्ही दोघंही आभाळाकडे बघत बसलो.