व्याह्यांची विमानं

आमच्या व्याह्यांइतका बिनकामाच्या कामात बुडालेला माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. धारूरच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं, पण कापड विकणं हा जोडधंदा. खरा धंदा प्लॅस्टिकची विमानं जोडण्याचा. खोक्यातून शंभरभर तुकडे निघायचे, काही तर तिळाएवढे. ते सुरीनं कापायचे, पॉलिश पेपरनं घासायचे, गोंदानं चिकटवायचे आणि मग रंगवत बसायचं. महिनाभरानं जे तयार व्हायचं ते वीतभर. ते उडत नाही, त्याला चावी नाही आणि लेकरांनी हात लावायचा नाही. मग करायचं कशाला, असं मी त्यांना पुष्कळदा विचारलं. ते म्हणायचे, "अक्का, तुमी रांगोळी कावून काढता?" मी रांगोळी काढत नाही, हे मी त्यांना दर वेळी सांगितलं.

बाहेरचा माल आपल्याकडे नुकता खुला झाला होता, तेव्हापासूनचं हे वेड. हैदराबादला खरेदीला गेले की साड्यांच्या गठ्ठ्यात दडवून एक खोकं आणायचे. सोबत आलेल्या कागदावरची भाषा कुठली हे धारूरात कुणालाच सांगता आलं नाही, म्हणून चित्रं बघून जोडायचे. रंग मिळत नसत. पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून बाटलीच्या बुचात थोडा थोडा मागून आणायचे. बारीक ब्रश मिळेना, म्हणून शेजारच्या शेळीच्या कानामागचे केस कापून स्वतः बांधला. त्या शेळीचा एक कान कायम उघडा असायचा. रंग ओला असताना धूळ बसते म्हणून भर मे महिन्यात दुकानातला पंखा बंद, आणि गिऱ्हाईक पदरानं वारा घेतंय. एकदा एक बाई ओरडली, "शेटजी, लुगडं दावता का न्हाई?"

"दम धर मावशी. पंख चिकटवलाय. सोडला तर वाकडा बसंल."

"मंग पंख वाळंपस्तोर मी हितंच उभी राहू?"

"राहा की. आन् हात मोकळा हाय तर हे शेपूट धर."

ती बाई पाऊण तास शेपूट धरून बसली आणि जाताना दोन लुगडी घेऊन गेली. असं दुकान चालायचं. विमानाच्या पोटात नखाएवढी खुर्ची असते, ती ते लाल रंगवायचे, तिचा पट्टासुद्धा रंगवायचे आणि वरून पोट कायमचं बंद करून टाकायचे. मी म्हटलं, "आता हे कुणाला दिसणार?" तर म्हणाले, "बसणाऱ्याला दिसंल की."

माझी मुलगी त्यांच्या घरी द्यायची बोलणी निघाली, तेव्हा लोकांनी मला आधीच सांगितलं होतं की मुलगा चांगला आहे, पण सासरा येडा हाय. माझे मालक जाऊन चार वर्षं झाली होती, लेक एकच, ठरवायचं मी. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, हे स्थळ फार पसंत होतं. मी मात्र नाही म्हणायचं ठरवूनच घर बघायला गेले होते. आम्ही दारात पाय ठेवला तर गृहस्थ देवघरासमोर मांडी घालून विमान घेऊन बसलेले. त्यांच्या घरात धूळ उडत नाही अशी तेवढी एकच जागा होती, हे मला नंतर कळलं. आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अवो, पाव्हणे आले, ठिवा ते खाली!" ते गडबडीनं उठले आणि दादाला घेऊन बैठकीत गेले.

मी आधी देवाच्या पाया पडायला गेले. देवासमोर तांब्याच्या वाटीत पाणी होतं. आमच्यात देवासमोरचं पाणी म्हणजे तीर्थ, त्यात विचारायचं काय? तळहातावर घेतलं, प्यायले आणि ओला हात कपाळावरून डोक्यावर फिरवला. तीर्थाला गोंदाची चव लागली, आणि घशाखाली काहीतरी बुळबुळीत गेलं, पण परक्या घरात काय बोलणार?

बैठकीत येऊन बसले तर सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. दादा दात आवळून हळू आवाजात म्हणाला, "कपाळाला काय लावलंयस हे?" विहीणबाईंच्या मागं भिंतीवर आरसा होता. त्यात पाहिलं तर माझ्या कपाळाच्या मधोमध एक गोल. बाहेर निळा, आत पांढरा आणि मधे लालभडक टिकली. चार वर्षं माझ्या कपाळाला विभूतीशिवाय काही लागलं नव्हतं, आणि मुलीच्या सासरी पहिल्याच दिवशी मी कुंकू लावून बसलेली. पुसायला गेले तर निघेना. मी कुणापुढं कधी मान खाली घातली नाही. त्या दिवशी घातली.

व्याही उठून देवघरात गेले, तीच वाटी घेऊन आले आणि शांतपणे दादासमोर बसले. म्हणाले, "आमच्या घरची रीत हाय. पाव्हणा आला की चक्र लावायचं. बाईमाणसाला पयला मान, म्हणून अक्कांना आधी लावलं." चिमट्यानं त्यांनी पाण्यातलं एक चक्र उचललं आणि दादाच्या कपाळाला चिकटवलं. मग मुलाच्या, मग बायकोच्या. बायको डोळे वटारून म्हणाली, "मला कदी लावलं व्हतं?" ते म्हणाले, "तू कुठं पाव्हणी हायस? आज लाव." शेवटचं त्यांनी स्वतःला लावलं. मग आम्ही सगळे निळ्या-तांबड्या कपाळांनी चिवडा खाल्ला. दादा परत येताना म्हणाला, "घराणं लई वळणाचं हाय." मी घरी येऊन हो कळवलं.

लग्नानंतर ते विमान मी पाहिलं. खाली त्याचं खोकं होतं. खोक्यावरच्या चित्रात पंखांवर, अंगावर ती चक्रं होती. पाण्यात भिजवून कागदावरनं सोडवायची आणि विमानाला चिकटवायची असतात ती. विमानाचे पंख कोरे होते. चित्रातली चक्रं मोजली तर सहा. पाच कपाळांवर गेली होती आणि एक माझ्या पोटात. त्यांनी कधी विषय काढला नाही. पुढं दोनदा हैदराबादला जाऊन आले, तेच खोकं शोधलं, पण परत मिळालं नाही, असं लेक सांगत होती.

ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. ती रीत खोटी होती हे मला माहीत आहे, असं एकदा त्यांना सांगायला हवं होतं. राहून गेलं. मुलगा बघून लेक दिली, असंच मी सगळ्यांना सांगत आले. मुलाकडं त्या दिवशी मी धड पाहिलंसुद्धा नव्हतं.