गेटासमोरची खडी

वीसेक वर्षं होऊन गेली... फुटबॉल फायनलच्या आदल्या दिवशी पोलीस ठाण्यात शांतता कमिटीची मीटिंग होती. शिवाजी पेठेतली शिक्षिका म्हणून मीही त्या कमिटीवर होते.

फायनल आली की कोल्हापुरात घराघरात ताप चढतो. माझा धाकटा भाऊ संजू आमच्या टीमचा गोलकीपर, आणि समोरच्या टीमच्या पोरांशी त्या सीझनला आधीच हाणामारी झालेली.

त्यात मैदानाच्या गेटासमोर रस्त्याच्या कामाची खडी ओतून ठेवलेली... मॅच सुटली की दोन्हीकडची पोरं तिथंच समोरासमोर येणार. मी उभी राहून म्हटलं, "बाकी काही करू नका, तेवढी खडी आज उचला."

पोलीस साहेब म्हणाले, "बाई, रस्ता म्हापालिकेचा हाय." महापालिकेचे इंजिनिअर शेजारच्याच खुर्चीवर होते. ते म्हणाले, "ठाण्यातनं फोन येऊ दे की, लगेच जेसीबी धाडतो."

एकाच टेबलावर बसलेली माणसं फोनची वाट बघत होती! मग पाहुण्यांना फेटे बांधले, नारळ दिले, ग्रुप फोटो झाला. खडीचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅच सुटली आणि दगड उडायला लागले. संजू भांडण सोडवायला मधे पडला... एक दगड त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला.

दोन दिवसांनी ते दोघं साहेब एकाच जीपमधून दवाखान्यात आले. आणि खाटेपाशीच सुरू झाले... "तुमचा फोनच आला न्हाई." "मग तुम्ही करायचा हुता की!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

डोळा गेलाय, हे डॉक्टरांनी सकाळीच मला सांगितलं होतं. संजूला सांगायची माझी हिंमत होत नव्हती.

तोच म्हणाला, "साहेब, भांडू नका की. पट्टी सुटली की परत गोलात हुबा ऱ्हातो, बघायला या."

दोघांनी माझ्याकडं पाहिलं. संजूच्या उशामागं उभी राहून मी नुसती मान हलवली... डोळा नाही राहिला म्हणून. तसे दोघं एकदमच म्हणाले, "व्हय, व्हय... येतो की!"

त्या दोघांचं एकमत झालेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. त्या रात्री संजू शांत झोपला, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे... दुसरं काही आभार मानण्यासारखं त्यांनी केलेलं मला आठवत नाही.