पाळकसाहेबांनी न घेतलेली भाकर

पाळकसाहेबांना त्यांच्यामागे सगळी मंडळी ‘आधीमी’ म्हणायची, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. काम कुठलंही निघो, ते ‘आधी मी’ म्हणायचे आणि बाह्या वर सारायचे. चर्चमागचं गटार तुंबलं, आधी मी. कुणाला रक्त हवंय, आधी मी. उपदेशाच्या बाबतीत मात्र आनंदच होता. त्यांनी बोलायला सुरुवात केली की मागच्या बाकांवर डुलक्या सुरू व्हायच्या. पण पाळक स्वतः गटारात उतरलाय म्हटल्यावर काठावर हाताची घडी घालून उभं राहणार तरी कोण? बघता बघता खराटे, बादल्या घेऊन लोक हजर व्हायचे. बोलण्यापेक्षा करून दाखवावं, एवढा एकच धडा त्यांनी मंडळीला दिला, आणि तो लोकांनी जरा जास्तच मनावर घेतला.

म्हणजे काय, तर एकदा त्यांची कंबर धरली. प्रार्थनेला उभं राहताना ते एक हात पुढच्या बाकावर टेकवायला लागले. महिन्याभरात अर्धी मंडळी तशीच हात टेकवून उभी! शिवणकाम करणाऱ्या मावशी तर म्हणाल्या, “असं उभं राहिलं की मन कसं नम्र होतं, नाही?” घरी आल्यावर पाळकीणबाई पोट धरधरून हसल्या. “उद्या तुम्हाला शिंका आल्या तर आख्खं चर्च शिंकेल हो!”

या माणसाला एक सख्खा थोरला भाऊ होता. सुतार. चर्चपासून हाकेच्या अंतरावर त्याचं दुकान. आई गेल्यापासून दोघांत अवाक्षर नव्हतं. आई शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा दादाने निरोपावर निरोप पाठवले होते. पाळकसाहेब दुसऱ्या गावच्या मेळाव्यात होते आणि पोचले ते थेट मातीला. दादा सगळ्यांदेखत म्हणाला, “जगाचा मेंढपाळ, आणि घरची आई वाऱ्यावर.” यांनीही तिथल्या तिथे, कबरीच्या काठावर, उत्तर दिलं, “देवाचं काम तुला काय कळणार? तू लाकडं तास.” झालं. त्यानंतर दादा रस्त्यात दिसला की हे बोळात वळायचे.

येशूच्या आठवणीत भाकर वाटून घ्यायचं प्रभुभोजन महिन्यातून एकदा असायचं. मेजावर पांढरं कापड, ताटात भाकरीचे तुकडे, आणि वाटण्याआधी पाळकसाहेबांचं ठरलेलं बोलणं: ज्याचं भावाशी वाकडं असेल, त्याने अगोदर जाऊन समेट करावा, मगच इथे हात पुढे करावा. वर्षानुवर्षं ते हे म्हणत आले आणि स्वतः तुकडा तोंडात टाकत आले. एका शनिवारी पाळकीणबाई भांडी घासता घासता सहज बोलल्या, “लोकांपुढे गटारात उतरणं सोपं आहे हो. दादांच्या दुकानाची पायरी तेवढी तुम्हाला चढवत नाही.”

घाव वर्मी बसला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना भाकर वाटली आणि स्वतःचा तुकडा ताटातच ठेवला. एवढी प्रामाणिकता पुरे, असं त्यांना वाटलं. भावाकडे जाण्यापेक्षा उपाशी राहणं केव्हाही स्वस्त.

लोकांनी ते पाहिलं. न पाहून कसं चालेल? पण विचारायची हिंमत कुणाची? त्यामुळे ज्याने त्याने आपापला अर्थ लावला. पुढच्या महिन्यात ताट फिरलं तसं जवळजवळ भरलेलंच मेजाकडे परत आलं. ज्यांचं जगात कुणाशी भांडण नव्हतं, त्या बिचाऱ्या म्हाताऱ्यांनीही हात मागे घेतला होता. पाळकसाहेब गोंधळून ताटाकडे बघत राहिले. पहिल्या बाकावरच्या मावशी मान खाली घालून, तरी कौतुकाने, पुटपुटल्या, “साहेब, तुमच्यासारखी माणसं घेत नाहीत, मग आमची काय लायकी?”

पाळकसाहेबांच्या पायाखालची जमीनच सरकली. ज्या मेजाकडे लोकांना आणण्यात त्यांचा जन्म गेला, त्याच मेजापासून त्यांनी सगळ्यांना उठवलं होतं, आणि तेही तोंडातून शब्द न काढता.

“यात नम्रता-बिम्रता काही नाही,” ते म्हणाले. “माझं माझ्या भावाशी भांडण आहे. चूक माझी आहे आणि त्याच्याकडे जायला मला भीती वाटते. म्हणून मी घेत नाही. तुम्ही घ्या. कृपा करून घ्या.”

कुणी हललं नाही. मागून निवृत्त मास्तर, जे मंडळीतले वडीलधारे होते, शांतपणे म्हणाले, “मग जाऊन या ना, साहेब. आम्ही थांबतो.”

आता माघार कशी घेणार? झगा अंगावर तसाच ठेवून ते निघाले. दुकानात दादा चौकटीला रंधा मारत होता. पायरीवर उभं राहून यांनी म्हटलं, “दादा, चुकलं माझं.”

रंधा थांबला नाही. दादाने त्यांच्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं. “आणि ही वरात कशाला आणलीस?”

पाळकसाहेबांनी वळून पाहिलं. थांबतो म्हणालेली सगळी मंडळी कोपऱ्यावर येऊन उभी होती. मावशी तर चवड्यांवर.

“तुझं सगळं असंच,” दादा म्हणाला. “माफीसुद्धा लोकांना शिकवायला मागतोस.”

रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं, कारण ते खरं होतं. पाळकसाहेब कोपऱ्यापर्यंत गेले, सगळ्यांपुढे हात जोडले आणि म्हणाले, “घरी जा. हे तुमच्यासाठी नाही.” लोक हिरमुसले, पण गेले. मग त्यांनी झगा काढला, घडी करून पायरीवर ठेवला आणि आत जाऊन भुशातच बसले.

“मेळावा आदल्या दिवशीच संपला होता, दादा,” ते म्हणाले. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. “मी मुद्दाम थांबलो. परक्यांच्या उशाशी बसून खूप प्रार्थना केल्यात मी. आईला मरताना बघायचा धीर नव्हता माझ्यात.”

रंधा थांबला. दादाने तो बाजूला ठेवला आणि बराच वेळ हातावरचा भुसा झटकत राहिला.

“ती दाराकडेच बघत होती रे,” तो म्हणाला. “मी सांगत होतो, येतोय, येतोय. किती खोटं बोलायला लावलंस मला.”

पाळकसाहेबांचे ओठ थरथरायला लागले. सवयीने त्यांनी मान वर केली, गळा साफ केला, चेहरा सावरला. आईच्या मातीलाही त्यांनी असंच केलं होतं, आपण डगमगलो तर लोकही डगमगतील म्हणून.

दादाने उठून दुकानाचं दार लावून घेतलं आणि त्यांच्या शेजारी भुशात येऊन बसला.

“आता कुणी नाहीये,” तो म्हणाला. “रड.”