कागदावर नसलेला स्फोट

अक्काचे यजमान, माझे भावजी, मालवाहू जहाजावर इंजिन सांभाळायचे. युद्ध चाललेल्या समुद्रातून जाताना त्यांच्या जहाजाखाली पाणसुरुंग फुटला. ते लाइफ जॅकेट घालून पाण्यात उतरले आणि पोहत असतानाच जवळ दुसरा फुटला. तिकडच्या बंदरातल्या इस्पितळाने तीन दिवस ठेवून त्यांना विमानाने चेन्नईला पाठवलं. बरोबर एकच कागद होता: 'जहाजावरील अपघात. दोन्ही कानांचे पडदे फाटले. प्रकृती स्थिर.'

मी चेन्नईतल्याच पेरुंगुडीत मेडिकल कोडर आहे. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या नोंदी वाचायच्या आणि प्रत्येक दुखापतीला, तिच्या कारणाला ठरलेला कोड द्यायचा. पाणसुरुंगाला वेगळा, टॉर्पेडोला वेगळा. नौदलातल्या म्हाताऱ्या सैनिकांच्या अशा फायली मी कितीतरी वाचल्या होत्या. पाण्यातल्या स्फोटाचा दणका अंगात जिथे जिथे हवा असते तिथे बसतो, हे मला त्यातूनच कळलं होतं. कान, फुफ्फुसं, आतडी. वर ओरखडासुद्धा दिसत नाही.

वेलचेरीला घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी भावजींनी दहीभाताचं ताट सरकवलं आणि पोट धरून बसले. अक्का म्हणाली, "जागरणानं झालं असेल. ओवा देते."

"ओवा नको, अक्का. आत्ताच्या आत्ता चल," मी म्हणाले. ऑटो मिळेपर्यंत त्यांचा शर्ट घामाने भिजला होता.

इस्पितळातला ड्यूटी डॉक्टर तरुण होता, थकलेला होता. पोट दाबून म्हणाला, "गॅस आहे. इंजेक्शन देतो."

"डॉक्टर, हे पाण्यात असताना स्फोट झालाय. आतडं उशिरानं फुटू शकतं. स्कॅन करा ना."

त्याने कागद उलटसुलट पाहिला. "इथे स्फोट कुठे लिहिलाय?"

"लिहिलेला नाही. पण झालाय."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. मी कोडर आहे."

तो हसला नाही, हे खरं. "मग तुम्हाला माहीतच असेल, लिहिलं नाही ते धरता येत नाही," म्हणाला आणि पुढच्या पेशंटकडे गेला.

माहीत होतंच. नव्या मुलींना हेच वाक्य मी स्वतः शिकवते. मी भावजींकडे वळले, "तुम्हीच सांगा ना त्यांना." त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. पिशवीतून वही काढून मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, तोवर ते कुशीवर वळले होते.

चार तास आम्ही त्यांच्या खाटेशेजारच्या बाकावर बसलो. मी दोनदा नर्सकडे गेले, एकदा आवाजही चढवला. "बसा अम्मा, बघतात," एवढंच उत्तर. संध्याकाळी भावजींचं पोट फळीसारखं घट्ट झालं. मग स्कॅन, मग धावपळ. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "आतडं दोन ठिकाणी फाटलंय. हे आधी कोणी का नाही सांगितलं?" अक्काने माझ्याकडे पाहिलं.

भावजी वाचले. शौचासाठी पोटाला पिशवी लावली आहे, ती काही महिन्यांनी काढता येईल म्हणतात. डाव्या कानाची आशा नाही. अक्का पिशवी बदलायला शिकली. पहिल्यांदा बदलताना तिने मला खोलीबाहेर जायला सांगितलं, कारण तिला रडायचं होतं.

गेल्या रविवारी भावजींनी वहीत लिहून मला विचारलं, 'माझ्याबरोबर पाण्यात एक फिटर होता. पोरगेलासा, ओडिशाचा. त्याचं पोट तपासलं का कोणी?'

मी जहाज कंपनीच्या ऑफिसला फोन लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, "त्याला घरी पाठवलं. प्रकृती स्थिर होती."

मी त्याच्या घरचा नंबर मागितला. तो त्यांना देता येत नव्हता.