तळ्याकाठची तांबडी निशाणे

“पेन्शनरांची वसाहत तळ्याकाठी होणार म्हणताच त्या आळीच्या पोटात दुखू लागलं. म्हाताऱ्या अंमलदारांना चार सुखाचे दिवस मिळू नयेत म्हणून लोकांनी रातोरात मोजणीची निशाणं उपटली.” धारेतल्या मराठी लग्नांच्या पंगतीत ही हकीकत अजून वाढली जाते. सांगणाऱ्यांपैकी एकाचाही तेव्हा जन्म झालेला नव्हता. मी त्या आळीचा. पहिले निशाण मी उपटले. तेव्हा माझे ऐकावे.

संस्थाने विलीन झाली, दरबार उठले आणि धार-देवासचे निवृत्त अंमलदार सरकारी घरांतून बाहेर पडले. त्यांच्यासाठी मोठी वसाहत व्हावी, यात गैर काही नव्हते. आमच्या आळीनेही तसे कधी म्हटले नाही. तंटा कुंपणाच्या भिंतीचा होता. दहाव्याचा घाट त्या भिंतीच्या आत जाणार होता, आणि आमची माणसे पिढ्यानपिढ्या तिथेच पिंड ठेवीत आली होती. आम्ही अर्ज केले, कचेरीत खेटे घातले. “घाटाचं पुढे पाहू,” एवढेच उत्तर मिळे. पुढे म्हणजे केव्हा? मरणारा थांबतो काय?

त्याच धामधुमीत माझी आई गेली. दहाव्याला मी, थोरला मुलगा, मुंडण करून ओल्या पंच्याने घाटावर बसलो. पिंड मांडून सारे मागे सरलो. कावळे कडुलिंबावर होते. एकही खाली उतरेना. आईचा जीव कशात अडकला, याचा शोध सुरू झाला.

काका हात जोडून पुढे झाले. “वहिनी, धाकटीचं लग्न आमच्याकडे लागलं. जीव गुंतवू नका.”

कावळे हलेनात.

“अक्का, तुझी म्हैस मी सांभाळीन हो,” मावशी म्हणाली.

मागून कोणी पुटपुटले, “त्या मारकुटीला? अक्काला ते खरं वाटेल होय!”

हसू फुटले आणि वडिलांचा चेहरा पाहून तिथेच विरले. ऊन चढले, भात वाळू लागला.

“दर्भाचा कावळा करू,” गुरुजी म्हणाले. “शास्त्राला मान्य आहे.”

“शास्त्राला असेल,” वडील म्हणाले. “तिला नाही. तिनं जन्मभर जेवणाआधी कावळ्याला घास घातलाय.”

इतक्यात एक कावळा खालच्या फांदीवर आला. वारा सुटला, पिंडांशेजारच्या खुंटीवरचे तांबडे फडके फडफडले आणि तो पुन्हा शेंड्यावर गेला. वसाहतीच्या मोजणीची ती खुंटी होती. दुसरी पिंडांच्या पलीकडे, चिखलात. मी पुढे झालो.

“भिया, सरकारी झंडी है, हाथ मत लगाना!” मोजणीवाल्यांचा शिपाई ओरडला.

“फिर तू ही कौवे को समझा,” मी म्हणालो आणि खुंटी उपसली. त्याने धावत येऊन माझा दंड धरला.

पलीकडचे फडके फडफडतच होते. आळीतले एरवी आवाज चढवणारे सारे एकमेकांकडे पाहत उभे. सरकारी वस्तूला हात लावण्याची छाती कोणाची होईना. वडिलांनी ज्यांच्या हाताखाली आयुष्यभर खोगिरे शिवली, ते पागेचे निवृत्त अधिकारी दहाव्याला आले होते. त्यांनी छत्री मिटून काकांच्या हाती दिली आणि जोडे न काढता ते चिखलात उतरले.

“रावसाहेब, आप भी?” शिपाई गडबडला.

“उसको छोड़ो,” ते म्हणाले आणि दोन्ही हातांनी खुंटी हलवून हलवून त्यांनी ती उपटली.

आम्ही मागे सरतो न सरतो तोच पिंडाला कावळा शिवला.

पुढे वसाहत गावाच्या दुसऱ्या अंगाला झाली आणि घाट मोकळा राहिला. हे सगळे भर दुपारी, गुरुजींसमोर आणि सरकारी शिपायासमोर घडले. रात्रीची आणि आकसाची गोष्ट रचणारे रावसाहेबांना मात्र सोयीस्करपणे वगळतात. ते पेन्शनरांच्या समितीचे अध्यक्ष होते, आणि त्या वसाहतीतले पहिले घर त्यांचेच व्हायचे होते.