एका श्वासात किती?

"ह्याला गियाँ-बारे सिंड्रोम म्हणतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी चर्चच्या संडे स्कूलचा, म्हणजे रविवारी मुलांना बायबल शिकवणारा, जुना मास्तर. मला ते जुन्या करारातल्या एखाद्या राजाचं नाव वाटलं. त्यांनी समजावलं, शरीराची राखण करणारी शक्तीच चुकून आपल्या नसांवर उठते. पायांतली ताकद जाते, मग ते वर चढत जातं. "छातीपर्यंत पोचलं तर श्वासासाठी मशीन लावावं लागेल. बहुतेक जण बरे होतात, काका. पण कुठे थांबतंय ते पाहावं लागेल."

सुरुवात अगदीच बावळट होती. किहीमच्या पुळणीवर फिरत होतो. मागून शेजारचा गणपत ओरडला, "ओ मास्तर, चप्पल मागं ऱ्हायली! पायात हाय का न्हाय ते पन कलत न्हाय का?" खरंच कळलं नव्हतं. पायांना नुसत्या मुंग्या येत होत्या. तुमचं असं झालं, तर माझ्यासारखं तेल चोळत बसू नका. माझी बायको रूथ बसली नाही. जिना चढवेना म्हटल्यावर तिने मला गाडीत कोंबलं आणि मांडव्याहून गाडीसकट बोटीत घालून मुंबईला आणलं.

तपासण्या झाल्या. लंबर पंक्चर, म्हणजे कण्यात सुई घालून थोडं पाणी काढतात. नर्व्ह कंडक्शन, म्हणजे नसांना विजेचे बारीक चटके देऊन निरोप किती वेगाने जातो ते बघतात. दोन्ही ऐकायलाच जास्त दुखतात.

मग आयव्हीआयजी सुरू झालं. हजारो अनोळखी लोकांच्या रक्तातून काढलेलं हे औषध शिरेतून देतात.

"मी काय करायचं?" मी विचारलं.

"काही नाही. पडून राहायचं."

हे मला जमेना. वर्षानुवर्षं मी मुलांना शिकवत आलो की प्रभू येशूने आपल्या पापांसाठी क्रूसावर रक्त सांडलं, तो मेलेल्यांतून उठला, आणि तारण, म्हणजे पापातून सुटका, मिळतं ते विश्वासाने, कृपेने. आपली कमाई त्यात शून्य. आता दुसऱ्यांच्या रक्ताची बाटली डोक्यावर लटकली, आणि मास्तर देवाशी सौदा करायला बसले. बरा झालो तर चर्चमधले चहाचे कप विसळीन. मुलांवर खेकसणार नाही. सुरमई सोडीन.

"आणि बोंबील?" रूथने विचारलं.

"बोंबलाचं नंतर बघू."

"अहो, तो देव आहे. मासळीबाजार नव्हे."

रोज सकाळी डॉक्टर सांगायच्या, "मोठा श्वास घ्या आणि एका श्वासात आकडे म्हणा." आकडा घसरला, तर आजार छातीकडे सरकतोय. माझा घसरू लागला होता. मी घाबरलो आणि मध्येच नाकाने गुपचूप श्वास चोरायला लागलो. तिशी गाठली की विजयी मुद्रा!

डॉक्टरांची नजर माझ्या छातीवर होती. "काका, ही पास व्हायची परीक्षा नाही. तुम्ही किती अडचणीत आहात, ते मला कळायला हवं."

पुन्हा आकडे म्हटले, या वेळी खरे. पंधराच्या पुढे गेलो नाही. त्यांनी लगेच आयसीयूत हलवलं. मशीन शेजारीच उभं होतं.

रविवारी परवानगी काढून आमच्या चर्चचे पाळकसाहेब प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या बलिदानाची आठवण म्हणून देतात ती भाकर आणि द्राक्षरस, घेऊन आले. माझाच संडे स्कूलचा विद्यार्थी, अजून मला सर म्हणतो. मी म्हणालो, "आज नको. सकाळीच वॉर्डबॉयला शिव्या घातल्यात. देवावर रुसलोय. प्रार्थनासुद्धा येत नाही. आधी माणसात येतो, चालत चर्चला येतो, मग घेतो."

पाळकसाहेब रूथकडे बघायला लागले. गुरूला कोण शिकवणार? रूथ मात्र म्हणाली, "बरं होऊन मग दवाखान्यात आलेला माणूस पाहिलाय का कुठे? डॉक्टर काय म्हणाल्या? ही पास व्हायची परीक्षा नाही."

मी डोळे मिटले. मग मनातल्या मनात देवाला खरा आकडा सांगितला. तो पंधराच्याही बराच खाली होता.

हात उचलवत नव्हते. नर्सने गिळता येतंय ना ते पाहिलं आणि चिमूटभर चालेल म्हणाली. मी पिलासारखं तोंड उघडलं. पाळकसाहेबांनी भाकरीचा कण जिभेवर ठेवला.

चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. औषध कामाला लागलेलंच होतं. पण मी मशीनकडे टक लावून बघायचं सोडलं, आणि त्या दुपारी चक्क घोरलो. आकडा तिथेच थांबला, मग हळूहळू वर आला. मशीन दुसऱ्या कुणासाठी मोकळं राहिलं. डॉक्टर, नर्सबाई, तो शिव्या खाल्लेला वॉर्डबॉय आणि माझ्या अंगात फिरणारे ते हजारो अनोळखी, सगळ्यांचे उपकार. ते फिटणार नाहीत, आणि आता मी फेडायच्या खटपटीतही नाही. कप विसळतो, ते आनंदाने. सुरमई खातो, तीही आनंदाने.

तुमच्यापैकी कुणी आज त्या खाटेवर असेल, तर एवढंच सांगतो: श्वास चोरू नका.

पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, वॉकर ढकलत चर्चला गेलो. चालत, म्हटल्याप्रमाणे! प्रभुभोजनाला ऐटीत पुढे झालो, भाकर घ्यायला हात पुढे करणार, तर दोन्ही हात वॉकरला. सोडले असते तर मास्तर आडवे.

पाळकसाहेब हसले. मी तोंड उघडलं.